तीन खिडक्यांचं घर

नोरीनने जेवणाच्या टेबलावर नकाशा उलगडला आणि त्याचे कोपरे वळू नयेत म्हणून एका बाजूला चहाची किटली, दुसऱ्या बाजूला पावाची फळी ठेवली. तिचे वडील, मॅलकी टोलन, भिंग घेऊन त्यावर वाकले. आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या किलकोरान गावाभोवती तिनेच महिन्यापूर्वी लाल पेन्सिलीने गोल काढला होता. मॅलकींची आई, डीलिया, तिथली.

"आयर्लंडला येणारे अकरा जण झाले," ते म्हणाले. "केव्हिनचा फोन होता. तुझ्या भावाने सगळ्यांसाठी हिरवे शर्ट छापून घेतलेत. छातीवर आजीचं घर."

"घराचा फोटो आहे कुठे कुणाकडे?"

"चित्र काढून घेतलं म्हणे. गवताचं छप्पर, तीन खिडक्या, दारात पांढऱ्या फुलांचं झाड. साठीला आला, पण त्याला सगळं पाठ आहे."

एरवी नोरीन हसली असती. बाहेर अमेरिकेतल्या स्क्रँटनच्या उतरत्या रस्त्याच्या कडेला चार दिवसांचा बर्फ काळा पडला होता. मंगळवारी टपालाने आलेले दोन कागद तिच्या पिशवीत होते. ते घेऊन ती पाच दिवस फिरत होती. सकाळी चर्चलाही घेऊन गेली होती.

"बाबा, आजीची जन्मनोंद आली."

"मग दाखव की."

"आधी चहा प्या."

"पोरी, शहाऐंशी वर्षांच्या माणसाला आधी चहा पाजून जे सांगतात, ते काही चांगलं नसतं."

तिने कागद काढला, पण त्यांच्यापुढे सरकवला नाही.

"आजी किलकोरानमध्येच जन्मली. पण घरात नाही, तिथल्या वर्कहाउसमध्ये."

वर्कहाउस म्हणजे काय ते दोघांनाही सांगावं लागत नव्हतं. भुकेली कुटुंबं, टाकून दिलेली म्हातारी माणसं आणि लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली, यांची ती दगडी इमारत.

"वडिलांच्या नावाची जागा कोरी आहे," ती हळूच म्हणाली.

मॅलकींनी भिंग खाली ठेवलं. टेबलावरचा पावाचा चुरा तळहाताने एका जागी गोळा केला, मग पुन्हा पसरला.

"घर नव्हतंच," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"वर्कहाउसचं नव्हतं ठाऊक. घराचं होतं. ते मी बांधलं."

नोरीन खुर्चीत बसली.

"मी दहा वर्षांचा होतो. शाळेतल्या सिस्टरने आईच्या गावावर निबंध लिहायला सांगितला होता. आई इस्त्री करत होती. मी विचारलं, तुझं घर कसं होतं गं? ती इस्त्री एकाच जागी धरून उभी राहिली. बाबांचा रविवारचा शर्ट जळाला. तिने तो नीट घडी करून चुलीत टाकला. त्यानंतर मी कधी विचारलं नाही."

"मग आम्हाला सांगायचात ते?"

"केव्हिनला न्यूमोनिया झाला होता, तू पाळण्यात होतीस. मला म्हणाला, आजीचं घर सांग. काय सांगणार? एक खिडकी सांगितली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, अजून सांग. तिसरी खिडकी झाली आणि ताप उतरला. मग ते घर तसंच राहिलं."

"आजीने ऐकलं असेल की."

"दारात उभी होती. केव्हिनने तिलाच विचारलं, खरं ना आजी? मला वाटलं, आता निघून जाईल. तर म्हणाली, झाड राहिलं सांगायचं. दारात एक झाड होतं, पांढऱ्या फुलांचं. तेवढं तिचं. बाकी सगळं माझं."

किटलीतला चहा निवला होता. नोरीनने तो तसाच दोन कपांत ओतला.

"केव्हिनला काय सांगायचं?"

"मी सांगतो. पुढच्या रविवारी, सगळे जेवायला आले की. शर्ट घालतील तर घालू देत, छापून झालेत." मग त्यांनी हात पुढे केला. "आईच्या आईचं नाव तरी आहे का त्यात?"

"साबायना रुआन. वय एकोणीस. घरकाम करणारी."

"पुढे?"

"दुसरा कागद तिचाच आहे. बाळंतपणानंतर नवव्या दिवशी गेली, तापाने. तिथे मेलेल्यांना वर्कहाउसमागच्या कुरणात पुरत असत. दगड नाही, पाटी नाही. आता तिथे मेंढ्या चरतात."

"साबायना," मॅलकी म्हणाले. मग पुन्हा एकदा, सावकाश. नव्या पाहुण्याचं नाव चुकू नये म्हणून माणूस म्हणतो तसं. त्यांच्या स्वतःच्या नातीपेक्षाही लहान होती ती.

त्यांनी प्रवासाची वही स्वतःकडे ओढली. त्यात नोरीनने हॉटेलं, चर्चं, केव्हिनने सुचवलेले पब, सगळं वारांनिशी लिहिलं होतं.

"पहिल्या दिवशी काय?"

"विमानतळावरून हॉटेल. विश्रांती."

"ते खोड. आधी कुरणात जाऊ. आपण दोघंच."

"बाबा, रात्रभर विमानात बसून यायचं, पुढे तीन तास गाडी. दुसऱ्या दिवशी जाऊ ना."

"एकशेचौदा वर्षं कुणी गेलं नाही, नोरीन."

तिने विश्रांती खोडली. पेन्सिल तशीच हातात धरून ती पुढचं ऐकायला थांबली. मॅलकी नकाशातल्या लाल गोलावर बोट टेकवून बसले होते.

"तिथे बसायला काही असेल का?" त्यांनी विचारलं. "मला फार वेळ उभं राहवत नाही."

नोरीनने वहीत लिहिलं: घडीची खुर्ची, एक. मग एक खोडून दोन केलं.