दोन अंगणांची गाडी

मी दोन अंगणांची गाडी बोलतेय. जरा ऐसपैस बसा, कारण स्वतःबद्दल बोलायची संधी मिळाली की मी मधे थांबत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालचुटुक होते. शोरूममध्ये जो येई तो माझ्या टायरला एक लाथ मारून बघे. लाथ मारून माणसांना गाडीतलं काय कळतं, हे मला आजवर उमगलेलं नाही. एके दिवशी एक जोडपं आलं. त्यांनी लाथ मारली नाही. बाई डिकीत डोकावून म्हणाल्या, "यात माझ्या कुंड्या मावतील." मास्तर पुढच्या सीटवर बसून म्हणाले, "आणि माझी पाठही." तिथेच मी त्यांची झाले.

मास्तरांनी जन्मभर समुद्रकाठच्या गावात पोरांना पोहायला शिकवलं. बाईंची रोपवाटिका शेजारच्या राज्यात, पार डोंगरावर. लग्न झाल्यावर कुणीच आपलं गाव सोडायला तयार होईना, म्हणून दोघांत तह झाला. उन्हाळा डोंगरावर, थंडी समुद्रावर. तह त्यांचा, पण त्याला चाकं माझी. मी नसते तर हा संसार एका जागी कुढत बसला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आता विम्याचं सांगते. गाडीचा मुक्काम कुठे असतो, याची विमा कंपनीला भारी उत्सुकता. डोंगरावर गारा आणि दरडी, समुद्रावर वादळं आणि खारा वारा, त्यामुळे दोन्हीकडचा हिशेब वेगळा. मुक्काम हलला की विमावाल्या ताईंना फोन करून कळवायचं, हा आमचा शिरस्ता. ज्याचं घर, त्याने ते बंद करायचं. डोंगर सोडताना बाई, समुद्र सोडताना मास्तर. नळ बंद करणं, कुलूप लावणं आणि ताईंना फोन करणं, तिन्ही कामं एकाच माणसाची. इतकी वर्षं यात कधी गडबड झाली नाही.

यंदा मात्र लेकीच्या बाळंतपणासाठी बाई आधीच तिच्याकडे गेल्या आणि तिथूनच परस्पर समुद्रावर यायच्या होत्या. त्यामुळे डोंगरावरच्या घराला पहिल्यांदाच मास्तरांनी कुलूप लावलं. फोनचं काय? मास्तरांना वाटलं, घर हिचं, फोन हिने केला असेल. बाईंना वाटलं, कुलूप यांनी लावलं, फोन यांनीच केला असेल. दोघांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही, इतका एकमेकांवर विश्वास. असल्या विश्वासाने फार घोळ होतात.

आणि थंडी सरता सरता वादळ आलं. अंगणातलं जुनं झाड कडाडून माझ्यावर पडलं. टप चेपला, दार आत गेलं, काचांचा चुरा झाला.

मुलाचा फोन आला. "बाबा, ती गाडी आता मोडीत काढा. आणि या वयात किती येरझाऱ्या घालणार? एक घर विका आणि एका जागी राहा."

"कुठलं विकायचं?" बाईंनी विचारलं. मी अंगणात चेपलेली उभी होते, पण मला सगळं स्वच्छ कळत होतं. नवी गाडी घेणं आता त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. विम्यातून मी दुरुस्त झाले तर दोन्ही घरं राहणार, नाहीतर एक जाणार.

बाईंनी ताईंना फोन लावला. ताई म्हणाल्या, "पण काकू, माझ्याकडे तर गाडी अजून डोंगरावरच आहे."

"अहो, तुम्ही कळवलं नाहीत?" बाई मास्तरांकडे वळल्या.

"मी? डोंगर तुझा ना?"

"कुलूप कुणी लावलं?"

त्या दिवशी मास्तर ओटीवर जेवले आणि बाई स्वयंपाकघरात.

मग कंपनीचा सर्व्हेअर आला. माझ्याभोवती फिरला, वाकून खाली बघितलं, फोटो काढले. मग सहज विचारावं तसं म्हणाला, "काका, गाडी डोंगरावरची दिसते. इकडे चार दिवस पाहुणे म्हणून आला असाल, नाही का?"

आयतं खोटं ताटात वाढून दिलं होतं. चार दिवसांच्या पाहुण्यांना कळवावं लागत नाही, नुसती मान हलवायची. मास्तरांची मान हलायला लागलीसुद्धा. हलवा, हलवा, असं मलाही वाटत होतं. जीव माझा होता ना!

"पाहुणे कसले?" बाई म्हणाल्या. "थंडीभर आम्ही इथेच आहोत. कळवायचं राहिलं. चूक माझी आहे."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं. "तिची नाही, माझी. कुलूप मी लावलं होतं."

"पण घर माझं आहे," बाई म्हणाल्या.

"अगं, पण कुलूप..."

सर्व्हेअर हसायला लागला. त्याने माझ्या पोटाखालून बोट फिरवून दोघांसमोर धरलं. बोट तांबूस झालं होतं. "खाऱ्या हवेचा हा गंज चार दिवसांतला नाही, हे मला आल्याआल्याच दिसलं. हो म्हणाला असता तर काही न बोलता गेलो असतो आणि तुमचा दावा बाद झाला असता. कळवायचं राहून गेलं, असं मी लिहीन. थोडी कपात होईल, पण गाडी उभी राहील."

बघा, माझंच पोट माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला बसलं होतं! बाई खरं बोलल्या म्हणून मी वाचले. त्यांच्यावर माझा जीव आहेच, आता जरा जास्तच जडलाय.

आज माझा टप नवा आहे आणि एका दाराचा लाल रंग बाकीच्या अंगाशी जुळत नाही. मला तो शोभतो. मुलगा आला, मला घेऊन एक फेरी मारून आला आणि घर विकण्याबद्दल चकार शब्द न काढता किल्ली देऊन गेला.

उन्हाळा लागलाय. डिकीत कुंड्या भरल्यात. समुद्राचं घर मास्तरांचं, म्हणून कुलूप त्यांनी लावलं आणि पायरीवर बसून फोन केला. "ताई, गाडी डोंगरावर निघाली."

"हो काका, काकूंनी आत्ताच सांगितलं."

मास्तरांनी माझ्याकडे वळून बघितलं. बाई सीटवर बसून पट्टा लावत होत्या, अगदी साळसूद चेहऱ्याने.

"असू दे," मास्तर फोनवर म्हणाले, "मीही सांगतो. लिहून घ्या."

तेव्हा गाडीवाल्यांनो, आम्ही कुठे राहतो ते खरं सांगत जा. एकाने सांगितलं असलं तरी दुसऱ्यानेही सांगा. चला, हँडब्रेक सुटला. डोंगर वाट बघतोय, आणि या खेपेला मी तिकडे येतेय हे सगळ्यांना ठाऊक आहे.