येवदोकियामायचा पट्टा

"हात लावून बघा ना बायांनो! रबर नाही, पिशवी नाही, जित्ताजागता मांसाचा गोळा आहे!"

पंधरवडाभर गावात झाडपाल्याचे, देवाधर्माचे उपचार करत फिरणारी येवदोकियामाय ओरडत होती आणि आमच्या हमामातल्या, म्हणजे गावच्या न्हाणीघरातल्या, चाळीस बायका एकमेकींना ढोपरं मारत पुढं सरकत होत्या. बाकावर झोर्नित्सा नावाची परगावची तरणी बाई बसली होती. कॅन्सरमुळे दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा स्तन काढला होता, आणि आज तो पुन्हा जागच्या जागी होता. मऊ, ऊबदार, खरा. म्हाताऱ्या छातीवर क्रूस काढत होत्या. एक तर रडायलाच लागली.

मी स्ताम्का, या हमामाची राखणदारीण. सव्वीस वर्षं गावातल्या बायका इथल्या गरम झऱ्याच्या पाण्यात जन्मल्या तशा उतरतात आणि मी त्यांना टॉवेल देते. कुणाचं अपेंडिक्स काढलं, कुणाचं बाळंतपण पोट फाडून झालं, सगळं मला तोंडपाठ. या उघड्या बायकांत झोर्नित्सा एकटीच पोटावर वीतभर रुंद लोकरीचा पट्टा गुंडाळून बसलेली. चाळीस अंशांच्या वाफेत, लोकर! माझ्या मनात पाल चुकचुकली.

"पट्टा कशाला गं?" मी विचारलं.

"देवमातेच्या नावाचा आहे तो!" झोर्नित्साच्या आधी मायच बोलली. "चाळीस दिवस पट्टा, चाळीस दिवस गुलाबतेल, की छाती पुन्हा उगवते. देह म्हणजे बाग, पोरींनो. सुरी लावली की मुळं मरतात. आणि दवाखान्यातल्या त्या गोळ्या? कोंबावर मीठ! फेकून द्या. पण पट्टा सोडून आत डोकावलात, तर कोंब जळाला म्हणून समजा."

आमच्याकडे देवमातेच्या पट्ट्याला कुणी परकी हात लावत नाही. मूल व्हावं म्हणून आमच्या आज्यांनी तो बांधला, आयांनी बांधला. एकमेकींचं अंग अन् अंग ओळखणाऱ्या या बायकांनी नेमके तिथेच डोळे मिटले.

एरवी मी मजा बघत बसले असते. पण पहिल्याच रांगेत माझी धाकटी बहीण वेलिचका होती. डावा स्तन काढल्यापासून ती हमामात फिरकली नव्हती. घरी काचोळीत मोजा कोंबून वावरायची. डॉक्टरांनी सिलिकॉनची पिशवी बसवतो म्हटलं, तर ही म्हणाली, परकं काही अंगात नको. दुसरं काही असतं का, ते तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"ताई, मी गोळ्या सोडल्यात," ती कानात कुजबुजली. "मायनं सांगितल्यापासून. बारा दिवस झाले."

दुखणं परत येऊ नये म्हणून त्या रोजच्या गोळ्या. आई आमची याच दुखण्यानं गेली.

मी उठले, थंड पाण्याची बादली घेतली आणि झोर्नित्साच्या डाव्या छातीवर तांब्या ओतला.

"आई गंऽऽ!" ती ताडकन उडाली.

दुसरा तांब्या उजव्या बाजूला ओतला. ती ढिम्म. पाणी ओघळलं, तरी बाई माझ्याकडे बघत बसलेली.

"का गं? कोंबाला थंडी वाजत नाही?"

"नवा आहे तो, तान्हा आहे!" माय किंचाळली.

"तान्ह्या पोरावर गार पाणी ओत बघू, छप्पर उडवील ते!" मी म्हणाले. बायका खुसूखुसू हसल्या. "झोर्नित्सा, या हमामात कापड घालून कुणी पाण्यात उतरत नाही. सोड तो पट्टा."

"पाप लागेल!"

"लागू दे मला. या माझ्या बहिणीनं गोळ्या सोडल्यात, जीव जायची वेळ आलीय गं!"

झोर्नित्साने वेलिचकाकडे पाहिलं. मग स्वतःच पट्टा उलगडला.

कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओटीपोटावर एकच लांब व्रण. बेंबीभोवतीही गोल शिवण. बाळंतपणाचे असले व्रण नसतात, हे मी झोपेतही सांगेन.

"राजधानीत शस्त्रक्रिया झाली माझी," ती खाली बघत म्हणाली. "आठ तास. पोटाची कातडी, चरबी, रक्ताच्या नसा काढल्या आणि छातीतल्या नसांना जोडल्या. पिशवी नाही, सगळं माझंच. तिथे जाणीव मात्र फारशी नाही. माय माझी मावशी आहे. म्हणाली, बायकांना धीर येईल."

मायने शाल उचलली, आम्हाला नास्तिक, नरकात जाणाऱ्या म्हटलं आणि चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही, दारापर्यंत पोचवायलाही कुणी उठलं नाही.

"म्हणजे पोटाच्या मांसाचा स्तन करता येतो खरंच?" वेलिचकाने विचारलं.

"येतो. प्रत्येकीचं जमत नाही, डॉक्टर तपासून सांगतात. कुणाचं पाठीचं घेतात, कुणाला दुसरीकडची चरबी टोचून भरतात. काहीच केलं नाही तरी चालतं."

"आणि गोळ्या?" वेलिचका पुढं सरकली. "त्या तू कधी सोडल्यास?"

झोर्नित्साने पट्टा बाकावर ठेवला.

"सोडल्या नाहीत. रोज सकाळी घेते. आजही घेतली."

वेलिचका उठली, कपडे चढवले, मोजा बाकावरच राहू दिला. "ताई, चल. औषधाचं दुकान बारालाच बंद होतं."

बायांनो, चमत्कार दाखवणारीला दोनच गोष्टी विचारा: झाकलंयस काय, आणि मला सोडायला सांगतेस ते तू स्वतः सोडलंस का? यानं देव रागावत असेल, तर खुशाल रागावू दे. माझी बहीण मला जिवंत हवी.