चौथा बोल्ट

ओडेल ब्रॅस्वेल वारला तेव्हा नोरीन प्रूइटला एका दिवसाचीही रजा मिळाली नाही, आणि तिने मागितलीही नाही. रजा मिळते ती नवरा, आईबाप, भावंडं नाहीतर पोटचं पोर गेलं तर. ओडेल तिचा यांतला कुणीच नव्हता. तो तिचा कामावरचा जोडीदार होता. केप कॅनव्हेरलच्या तळावरून शटल अवकाशयानं उडायची त्या दिवसांपासून एक पाना फिरवणार आणि दुसरा शेजारी उभा राहून बघणार, अशी त्यांची जोडी. शटलची उड्डाणं बंद झाली तेव्हा दोघांना एकाच दिवशी घरी बसवलं. त्याने आपल्या गावात, मिम्सला, माशांची टपरी टाकली, ती शाळेची बस हाकू लागली. मग रॉकेटचा खालचा टप्पा, म्हणजे बूस्टर, परत आणून पुन्हा उडवणारी नवी कंपनी आली आणि एका सकाळी त्याचा फोन आला.

"मिस प्रूइट, पाने जपून ठेवलेत, की विकून खाल्लेत?"

एवढंच. पुढच्या महिन्यापासून दोघं पुन्हा शेजारी शेजारी उभे.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ओडेल दुकानात पैसे द्यायच्या रांगेत कलिंगड हातात धरून उभा होता, तो उभ्याउभ्याच कोसळला. दफनाच्या दिवशी मिम्सच्या चर्चमध्ये नोरीन शेवटच्या बाकावर बसली. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"कामावरची," नोरीन म्हणाली. बाईने मान हलवली आणि पंख्याने वारा घेऊ लागली.

सोमवारी नोरीन कामावर गेली. डोळ्यांत पाणी नाही, घशात आवंढा नाही. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि मग स्वतःचाच गाल परक्याचा वाटतो, तसं तिला सगळं अंगच वाटत होतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. लोक तिच्याकडे बघून आवाज खाली आणायचे आणि तिला कळायचं नाही की हे कुणासाठी.

त्याच आठवड्यात बूस्टर बंदरावर आला. समुद्रातल्या तरंगत्या फलाटावर उतरलेला, काजळीने काळाठिक्कर पडलेला. आठ वेळा वर जाऊन आलेला हा बूस्टर ओडेलचा लाडका होता. त्याला तो आजीबाई म्हणायचा. "आजीबाईंचे गुडघे बघून घ्या," असं म्हणत तो बूस्टर उतरताना टेकतो त्या पायांपासून सुरुवात करायचा. आता आजीबाई हँगरमध्ये आडवी निजली होती, आणि नवव्या खेपेला तिला एक संदेशवहन उपग्रह वर न्यायचा होता. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगराळ गावांना त्याच्यावरून फोन आणि टीव्ही मिळणार होता. उपग्रहवाले आपली पेटी घेऊन येऊन बसले होते आणि रोज सकाळी विचारत होते, कधी?

नोरीनला नवी जोडीदारीण दिली, मॅरिसोल किन्तेरो. चाळिशीची, मूळची पोर्तो रिकोची, आधी ऑरलँडोच्या विमानतळावर विमानं दुरुस्त करायची. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "हे बघ, मी काही त्याची जागा घ्यायला आलेली नाही. मला फक्त त्याचं कपाट दिलंय, आणि त्यालाही माशांचा वास येतोय."

हसायला पाहिजे हे नोरीनला कळलं. ती हसली.

काम नेहमीचंच होतं. इंजिनांभोवतीचे उष्णता अडवणारे पत्रे काढायचे, आतल्या नळ्या पुसायच्या, भिंग लावून तडे बघायचे, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा बंद करायचं. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचा. ठरलेला जोर बसला की पाना हातात टक् करतो. पाना फिरवणाऱ्याने सही करायची आणि बघणाऱ्यानेही. ओडेल या बाबतीत भलता कडक. "मी जे डोळ्यांनी बघितलं नाही त्यावर माझी सही मिळणार नाही," तो म्हणायचा, "मग ते तुझ्या वाढदिवसाचं कार्ड का असेना." आणि खरंच, सगळे सह्या करत असताना त्याने एकदा केक आल्यावरच कार्डावर सही केली होती.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी त्या दोघी इंधनाच्या एका नळीवर पट्टा बसवत होत्या. पट्ट्याला चार बोल्ट. मध्येच मॅरिसोलच्या लक्षात आलं की वरच्या झाकणाची रबरी कडी चिरलेली आहे. ती नवी आणायला कोठारात गेली. परत आली तेव्हा नोरीन पाना पुसत होती.

"झाले चारही?"

"झाले."

मॅरिसोलने सही केली. दोघींनी झाकण लावलं, त्याचे स्क्रू आवळले, आणि जेवायला गेल्या.

नोरीनने हॅम सँडविचचा घास घेतला आणि तोंड चालवता चालवता तिला जाणवलं की ते चार बोल्ट आवळल्याचं तिला आठवत नाही. पट्टा नळीवर ठेवला ते आठवत होतं. पाना पुसला ते आठवत होतं. मधलं काहीच नाही. तिने डोळे मिटून टक् ऐकू येतोय का बघितलं. चार नको, एक तरी. हँगरमधल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"मॅरिसोल," ती म्हणाली, "ते बोल्ट मी आवळले की नाही, मला आठवत नाहीये."

मॅरिसोलने भाताचा चमचा खाली ठेवला. "मस्करी करतेयस."

"नाही."

"तू झाले म्हणालीस. मी विचारलं, तू झाले म्हणालीस!"

"हो. ते आठवतंय."

"अगं बाई, त्याच्यावर माझी सही आहे! मी न बघता केलेली सही! तुला कळतंय का, मला इथे येऊन तीन आठवडे झालेत. आई माझ्याकडे आहे, दोन पोरं आहेत."

"म्हणून तुला आधी सांगतेय."

"आधी सांगितलंस म्हणजे उपकार केलेस का?" मॅरिसोलने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऐक. चार वाजता पाळी बदलते. वीस मिनिटं तिथे कुणी नसतं. दोघी जाऊ, झाकण काढू, आवळू, लावून टाकू. कुणाला पत्ता लागणार नाही. बोल्ट बसलेले असतील तर उत्तमच."

नोरीनने विचार केला. ते जमण्यासारखं होतं. पण चारपर्यंत थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, चेहरा सांभाळायचा, कुणी विचारलं तर काहीतरी रचायचं. खोटं बोलायलाही अंगात थोडी धुगधुगी लागते. तिच्याकडे तेवढीही नव्हती.

"मला नाही जमणार," ती म्हणाली. "मी हार्लनला सांगते. तू बघितलं नाहीस ते मी सांगणार नाही. तू सांग नाहीतर नको सांगू."

"वा! म्हणजे तू संत, आणि मी चोर." मॅरिसोल डबा बंद करून उठली. "तो तुझा ओडेलही असाच होता का? का तू एकटीच अशी?"

नोरीनला बोचायला हवं होतं, पण काही बोचलं नाही.

हार्लन स्टाइल्स त्यांचा मुकादम, नोरीनपेक्षा बारा वर्षांनी लहान. तिने दारातच उभं राहून सांगितलं. त्याने चष्मा काढला.

"आठवत नाही म्हणजे? राहिले असं वाटतंय, की झाले असं वाटतंय?"

"काहीच वाटत नाहीये, हार्लन. तेच सांगतेय."

"आज संध्याकाळी तिला वरच्या टप्प्याशी जोडायचं होतं." तो कपाळ चोळत बसला. "उपग्रहवाले माझी चामडी सोलतील. आणि बघायला कोण होतं?"

"मी होते," मागून मॅरिसोल म्हणाली. ती कधी आली ते नोरीनला कळलं नव्हतं. "होते म्हणजे, असायला हवी होते. मी कोठारात गेले होते. न बघता सही केली."

हार्लनने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग उठला.

झाकण दुसऱ्याच दोघांनी उघडलं. नोरीन आणि मॅरिसोल जमिनीवरच्या पिवळ्या रेघेच्या बाहेर उभ्या. पाना लागला. पहिला बोल्ट पक्का. दुसरा पक्का. तिसरा पक्का. चौथ्याला पाना लावायचीही गरज पडली नाही. त्या माणसाने बोट टेकवलं आणि बोल्ट गर्रकन फिरला.

मॅरिसोलच्या तोंडून मायभाषेत काहीतरी निघालं आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली. हार्लन भिंतीसारखा पांढरा पडला. फिरता बोल्ट, त्यावर नळी, नळीत इंधन, आणि वर नऊ इंजिनांची थरथर.

नोरीन त्या बोल्टकडे बघत होती. आता पाय लटपटायला हवेत, ती मनात म्हणाली. तिने वाट बघितली. पाय लटपटले नाहीत. आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं की आपल्याला काहीतरी झालेलं आहे.

जोडणी एक दिवस पुढे गेली, कारण त्या आठवड्यात दोघींनी आवळलेलं सगळंच उघडून पुन्हा बघावं लागलं. बाकी काही निघालं नाही. मॅरिसोलला लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. नोरीनला हार्लनने महिनाभर घरी पाठवलं.

"शिक्षा म्हणून नाही," तो म्हणाला. "ओडेल गेला तेव्हाच द्यायला हवी होती ही रजा. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही."

"कागदावर काय लिहिणार?"

"ते माझं मी बघतो. तू जा."

चार दिवस ती घरी बसली. टीव्ही बघितला, मांजराला खाऊ घातलं. उड्डाणाच्या दिवशी दुपारी तिने गाडी काढली ती दुकानात जायला. पण गाडी मिम्सकडे वळली, ओडेलच्या घरासमोर थांबली. दफन झाल्यापासून ती इकडे फिरकली नव्हती. इथे यायचा आपल्याला काय हक्क, असं वाटायचं.

ओडेलची बायको अर्नेटा ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. सदुसष्ट वर्षांची, अंगाने भरलेली, डोक्याला रुमाल बांधलेला.

"आलीस," ती म्हणाली. "मला वाटलं, आता माझ्याच दफनाला येशील."

"मिस अर्नेटा, मला वाटलं घरची माणसं असतील..."

"घरची माणसं आठ दिवसांत हंडे रिकामे करून गेली. बस. सोलायला घे."

नोरीन बसली. दोघी सोलू लागल्या. थोड्या वेळाने अर्नेटा म्हणाली, "हार्लनचा फोन आला होता. बोल्टाचं सांगितलं त्याने."

नोरीनचे हात थांबले.

"तुला शरम वाटावी म्हणून नाही सांगितलं. तुझ्यावर लक्ष ठेवा म्हणाला. मी म्हटलं, इथे माझ्यावर कोण लक्ष ठेवतंय?" तिने शेंगेचं टरफल बादलीत टाकलं. "रडलीस का तू?"

"नाही. येतच नाही."

"मलापण नाही. पाद्रीबुवा रोज येऊन सांगतात, रड, मन मोकळं कर. मी म्हटलं, बुवा, रडू म्हणजे काय नळाचं पाणी आहे का? चावी फिरवली की आलं?"

"तुम्हालाही नाही?" नोरीनने विचारलं. "मला वाटायचं, मी त्यांची कुणी नाही म्हणून येत नसेल."

अर्नेटाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. "कुणी नाही? पोरी, आमच्या लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. त्यातली अर्धी मी जेवणाच्या टेबलावर तुझंच ऐकलंय. नोरीन असं म्हणाली, नोरीनने तसं केलं. एकदा तर मी ताट आपटलं होतं, की जा, तिच्याकडेच जेव! तर म्हणतो, तिला स्वयंपाक येत नाही." ती पहिल्यांदा हसली, आणि हसताना तिचा चेहरा वाकडा झाला, पण तेवढंच. "तू कुणी नाहीस तर मी तरी कोण?"

नोरीनने पुढची शेंग सोलायला घेतली.

सूर्य कलायला लागला तेव्हा नदीपलीकडच्या झाडांवर उजेड चढला. दोघी ओसरीवरून उठून पायऱ्यांपाशी गेल्या. आवाज मागाहून आला, आधी छातीत, मग खिडक्यांच्या काचांत. आजीबाई उपग्रह घेऊन वर निघाली होती. पांढरी रेघ वाकत वाकत समुद्राकडे गेली. अर्नेटाने नोरीनच्या दंडाला धरलं होतं, आणि तिच्या बोटांचा दाब नोरीनला नीट कळत होता. किती दिवसांनी काही नीट कळत होतं.

थोड्या वेळात मॅरिसोलचा निरोप आला. 'उतरली. फलाटावर, उभी. पुढच्या वेळी मी कोठारात जाणार नाही, तू जा.'

नोरीनने तो वाचून दाखवला. अर्नेटा म्हणाली, "ही बाई मला आवडेल. घेऊन ये तिला." मग दार उघडता उघडता तिने विचारलं, "उद्या येशील? त्याचे कपडे काढायचेत. कपाट उघडते आणि पुन्हा लावते, रोज."

"येते."

दुसऱ्या दिवशी ती गेली. दोघींनी सगळे शर्ट काढले, घड्या घातल्या, चर्चसाठी खोक्यांत भरले. रडू तेव्हाही आलं नाही, दोघींनाही. पण दुपारी अर्नेटाने भात आणि शेंगांची भाजी वाढली तेव्हा नोरीन म्हणाली, "मीठ कमी आहे," आणि अर्नेटाने मिठाची बाटली तिच्यापुढे सरकवली.