क्लच जड लागतो

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गॅरेजमध्ये गाडी सुरू करून बघताना उल्हास दामलेला पहिल्यांदा वाटलं, क्लच जड लागतोय.

गाडी म्हणजे १९७९ची इटालियन मोटरसायकल, मोटो गुत्सी एसपी १०००. जर्मनीत आखनमधल्या एका कंपनीत उल्हास अकरा वर्षं गिअरबॉक्स डिझाइन करत होता आणि त्यातली चार वर्षं त्याच्या सुट्ट्या या गाडीत गेल्या होत्या. मोन्शाउच्या एका म्हाताऱ्याकडून आणली तेव्हा टाकीत गंज होता, सीटमध्ये उंदरांचं घर होतं. आता ती चमकत होती. कोणी पाहुणा आला की उल्हास त्याला चहाच्या आधी खाली न्यायचा. दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले, त्यामुळे उभ्या गाडीला रेस दिली की ती अंग उजवीकडे टाकते. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट आहे. पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढची एक, दोन्ही एकदम धरतात.

"आणि हे पुढचं आवरण," तो म्हणायचा, "याचा आकार कारखान्याच्या स्वतःच्या विंड टनेलमध्ये ठरवलाय. दिवसभर चालवा, छातीवर वारा नाही."

तो कारखाना इटलीत, कोमो सरोवराकाठी, मांदेल्लोला. जूनमध्ये तो आणि त्याची बायको सुरेखा याच गाडीवरून तिथे जाणार होते. हॉटेलही ठरलं होतं.

उल्हासने क्लचची केबल बदलली. फरक पडला नाही. लिव्हर बदलला. मग तीन शनिवार-रविवार घालवून गिअरबॉक्स खाली उतरवला आणि नव्या क्लच प्लेट घातल्या. तरी बोटं अर्ध्यातच थांबत. स्टूलवर बसून तो कागदावर गणितं मांडायचा, स्प्रिंगचा जोर, लिव्हरची लांबी. सगळं बरोबर येत होतं.

सुरेखा वेगळंच बघत होती. तो शर्टाची बटणं एकट्या उजव्या हाताने लावत होता. पाना दोनदा हातातून पडला होता.

"अहो, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?"

"क्लचला डॉक्टर काय करणार?" तो चिडून म्हणाला.

एप्रिलमध्ये त्याने हेर ब्रुखना बोलावलं. पंचाहत्तरीचे निवृत्त मेकॅनिक, जन्मभर इटालियन गाड्या दुरुस्त केलेले. त्यांनी दोन बोटांनी लिव्हर ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

"क्लच उत्तम आहे," ते म्हणाले. मग हात पुढे केला. "माझा हात दाबा. उजव्याने. आता डाव्याने."

उल्हासने दाबला.

"दाबा ना."

"दाबतोय."

हेर ब्रुखनी आपला हात सोडवून घेतला. "आल्झो, असं आहे तर," ते हळूच म्हणाले, "उद्याच डॉक्टरकडे जा."

तपासण्या मे महिनाभर चालल्या. शेवटी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, एएलएस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं, श्वास.

"कारण काय?" उल्हासने विचारलं.

"बहुतेकांच्या बाबतीत कळत नाही."

"थांबवायचं कसं?"

"थांबवता येत नाही. थोडं लांबवता येतं."

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "हॉटेल रद्द करावं लागेल."

सुरेखा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मार्चमध्येच केलंय."

सप्टेंबरमध्ये बॉनहून एक तरुण बाई गाडी घ्यायला आली. उल्हासने तिला ब्रेक समजावले, शाफ्टचं तेल कधी बदलायचं ते सांगितलं, जुन्या केबल्सची पिशवी दिली. चावी मात्र सुरेखाने फिरवली. बाई रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी तो बराच वेळ तसाच उभा होता. मग भाड्याचं रिकामं गॅरेज सोडून देण्याच्या अर्जावर सही करायला वर गेला. ती सही बँकेतल्या सहीशी जुळत नव्हती.

जानेवारीत मुलीच्या, स्वानंदीच्या, प्रवेशाचं पत्र आलं. म्युनिकचं विद्यापीठ, तिला हवं तेच. तिने ते घडी घालून ठेवलं.

"पापा, इश ब्लाइबं हिअर," ती म्हणाली. मी इथेच राहणार.

उल्हासला तिच्यावर ओरडायचं होतं. तू जा, माझ्यासाठी थांबू नकोस, असं सांगायचं होतं. पण जीभ वळेना, शब्दांचा नुसता घोळ झाला. "काय, पापा?" तिने जवळ येऊन विचारलं. त्याने पुन्हा प्रयत्न केला. तिला तरीही कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडलं नाही. सुरेखाने रुमालाने त्याची हनुवटी पुसली आणि जेवणासाठी भात कुस्करायला घेतला.