मामाचा पक्षी कुठे बघतो

"मेल्की, तुझ्या मामाचं मालागान तू मी मेल्यावर उभं करणार आहेस का?" मामी खोपटातून म्हणाली. "कर बाबा. एकाच डुकरात दोघांचं उरकेल. तू तसाही हिशेबी."

दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की मी सुरण आणि डब्यातले मासे घेऊन रुफिना मामीच्या खोपटापुढे जाऊन उभा राहायचो. ती मासे घ्यायची आणि मला बोलून घ्यायची. दोन्ही व्यवहार चोख व्हायचे.

सोक्माल मामाला जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. आमच्या बेटावर माणूस मेला म्हणून लगेच जात नाही. त्याच्या भाच्यानं त्याच्या नावानं मालागान, म्हणजे लाकडाचं शिल्प, कोरून घ्यायचं, गावासमोर उभं करायचं, डुकरं कापायची, मग तो जातो. तोवर त्याच्या बायकोनं दफनभूमीमागच्या पानांच्या खोपटात बसायचं. डुक्कर खायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, समुद्रात पाय घालायचा नाही. यातलं शेवटचंच मामीला जाचत होतं. प्रवाळाच्या खडकांवर उभं आयुष्य गेलेली, पोहण्यात भल्याभल्यांना मागे टाकणारी बाई ती. खोपटात तिला दिवसभर लाटा ऐकू यायच्या आणि अंग धुवायला मिळायचं पावसाचं बादलीभर पाणी.

मी दरवेळी काहीतरी कारण द्यायचो. डुकरं लहान आहेत. चांगलं लाकूड मिळत नाही. कोरणारा मातिअस पाठदुखीनं पडलाय. कारणं कोरण्यात माझा हात मातिअसपेक्षा सफाईदार होता. खरं कारण एकच होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मामाचं मालागान कसं दिसतं तेच मला आठवत नव्हतं.

हे ऐकून तुम्हाला मोठंसं काही वाटणार नाही. पण आमच्यात लाकूड कुणाचंच नसतं, रूप एकाचं असतं. ते रूप मामानं भाच्याला द्यायचं, म्हणजे जिवंतपणीच एकदा आपलं मालागान उभं करून भर गावात म्हणायचं, "बघून घे." भाच्यानं बघायचं आणि डोक्यात ठेवायचं. कागदावर नाही, फक्त डोक्यात. ज्याच्या डोक्यात नाही त्याचा हक्क नाही. दुसऱ्या कुणाला विचारलं की हक्क गेला, आणि दुसऱ्यानं आपणहून सांगितलं तर तो चोर. जेवणावळ झाली की त्या लाकडाचं काम संपलं. मग ते गुहेत कुजत पडू दे, नाहीतर एखादा वेडा विकत मागत असेल तर त्याच्या गळ्यात घाला.

आमच्या किनाऱ्याला असा वेडा होता होल्गर. जर्मनीहून यायचा, भाड्याच्या गाडीनं गावं पालथी घालायचा, मुखवटे, ढोल, होडीची नाकाडं, जे जुनं दिसेल ते उचलायचा. आणि त्या वेड्याचा उजवा हात मी. गावातले लोक मला मागे 'छोटा होल्गर' म्हणायचे आणि मला तो मान वाटायचा. यावरून काय ते समजा.

मामानं मला "बघून घे" म्हटलं तो दिवस मला लख्ख आठवतो. आडोशाचं कुंपण पाडलं, मालागान दिसलं, बायकांनी हुंदका दिला, आणि मी डोळे बारीक करून बघायला लागलो. उंची माझ्या भुवईपर्यंत. लाकूड हलकं, कुठे तडा नाही. शंखाच्या तोंडावरच्या झाकणीचे डोळे हिरवेगार, एकही हललेला नाही. कीड नाही. पेटीत तिरपं घातलं तर बसेल. मामाचे डोळे भरून आले होते आणि मी शेजारी उभ्या असलेल्या होल्गरच्या कानात भाव सांगत होतो. जेवणावळ झाल्यावर त्यानं ते नेलं. त्या पेटीची लांबी-रुंदी मी आजही झोपेत सांगेन. पण पक्षी? पक्षी होता एवढं खरं. साप होता, मासाही असावा. कोण कोणाला गिळत होता ते देवाला ठाऊक.

त्या रविवारी मामीच्या बोलण्याला काही वेगळंच टोक होतं. जाताना ती हळूच म्हणाली, "माझे गुडघे चाललेत रे. आणखी वर्षभरानं मला समुद्रात उचलून न्यावं लागेल. मला माझ्या पायांनी जायचंय."

मग माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली. माझ्या कल्पना नेहमी झकास असतात, त्रास पुढे होतो. गावात विचारायची बंदी होती, पण होल्गर काही आमच्या गावचा नाही, कुळाचा नाही. मी कावियेंगला, शहरात जाऊन त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, 'मामाच्या पक्ष्याचा फोटो पाठव.' तासाभरात आला. म्हातारा होल्गर मालागानाला खेटून उभा राहून स्वतःच स्वतःचा फोटो काढून हसत होता. अंगात पिवळा टी-शर्ट, छातीवर काहीतरी लिहिलेलं. मला ते वाचता येईना. म्हटलं, जर्मन असेल.

पण पक्षी स्पष्ट होता. चोचीत सापाची शेपटी, पायाखाली मासा, पंख उभारलेले. मी तो एवढा घोकला की मामानंसुद्धा कधी घोकला नसेल. मातिअसला जाऊन मी डोळे मिटून, कपाळाला बोट लावून, जणू आतून दिसतंय अशा थाटात सगळं सांगितलं. मातिअसनं सुपारी चघळत ऐकून घेतलं. कोरणाऱ्यानं मालकाला विचारायचं नसतं. फक्त एकदा म्हणाला, "चोच इकडे? नक्की?"

"मामानं मला दिलंय की तुला?" मी म्हटलं.

"तुलाच दिलंय बाबा," असं म्हणून त्यानं छिन्नी उचलली.

दिवस ठरला. दगड तापवले, डुकरं पानांत गुंडाळून भट्टीत गेली, तीन गावांची माणसं जमली. एका बाजूला समुद्र, एका बाजूला डोंगर, मधे दफनभूमी. चर्चच्या पन्नाशीला वाटलेले पिवळे टी-शर्ट घालून निम्मा गाव आला होता, कारण चांगला म्हणावा असा तोच एक कपडा सगळ्यांकडे होता. मी पुढे उभा. कुंपणाच्या मागे खोपट, त्यात मामी. आता फक्त कुंपण पाडायचं, लोकांनी बघायचं, कुणी हरकत घेतली नाही की मामी मोकळी.

कुंपण पाडलं. मालागान झकास झालं होतं, लाल-पांढरं-काळं, डोळे चमकत होते. बायका हुंदका देणार एवढ्यात गप्प झाल्या. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, भारावले.

मामीचा थोरला भाऊ बेनेडिक उठला. त्याच्या कुळाचाही पक्षी आहे. तो आमच्या पक्ष्यासारखाच दिसतो, निदान मला तरी. होल्गरलाही तसंच वाटायचं, म्हणून तर आमचं जमलं.

"मेल्की," तो शांतपणे म्हणाला, "हा डोंगराकडे बघतोय."

"कोण?"

"पक्षी. डोंगराकडे बघणारा आमचा. सोक्मालचा समुद्राकडे बघायचा. तू आमचा पक्षी उभा केलायस."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याचं रूप उभं करणं ही चोरी, आणि चोरीच्या मालागानानं विधवा सुटत नाही. शहाण्या माणसानं इथे मान खाली घातली असती. मी फोन बाहेर काढला.

"हे बघा काका," मी म्हणालो, "पुरावा. हे मामाचंच आहे. अगदी अस्सल. चोच बघा."

हे बोलून होईपर्यंत मला कळलंच नाही की मामानं दिलेलं माझ्या डोक्यात नाही हे मी तीन गावांसमोर स्वतःच सांगितलंय. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात; मी तर आरसा घेऊनच फिरत होतो. बेनेडिकनं फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग पुन्हा फोनकडे.

"हा टी-शर्ट आमच्या चर्चचा आहे ना?"

"हो," मी म्हणालो, आणि मला आठवलं की होल्गरला तो मीच दिला होता.

"मग याच्यावरची अक्षरं उलटी का?"

फोन हातोहात फिरला. प्रत्येक जण फोनकडे बघायचा, शेजाऱ्याच्या छातीकडे बघायचा आणि तोंडावर हात ठेवायचा. फोन पाद्रीबाबांपर्यंत गेला. ते म्हणाले, स्वतःच स्वतःचा फोटो काढला की हे फोन सगळंच आरशासारखं उलटं दाखवतात, माझाही भांग भलतीकडे येतो, मग पक्ष्याची चोचही येणारच. मग मात्र कुणी तोंडावर हात ठेवला नाही. मातिअस तर झाडाला धरून हसला.

बेनेडिक हसत नव्हता. "ज्याच्या डोक्यात नाही त्याचा हक्क नाही," तो म्हणाला. "हे मी आनंदानं बोलत नाही. आत माझी बहीण बसलीय. पण आज हे चालवून घेतलं तर उद्या कुणीही होल्गरच्या फोनमधून कुणाचाही पक्षी काढेल."

त्याचं म्हणणं खरं होतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि ते मामासाठी नव्हतं, त्या बादलीभर पाण्यासाठी होतं. माझ्या एका टेपपट्टीच्या नजरेपायी ती बाई तिथेच म्हातारी होऊन मरणार होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बेनेडिक, झालं का तुझं भाषण?"

मामी खोपटाच्या दारात, मालागानाच्या पाठीमागे उभी होती. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर काजळी.

"रुफिना, तू बाहेर येऊ नकोस."

"बाहेर कुठे आलेय? दारात आहे. मला इकडून त्याची पाठ दिसतेय. आरपार कोरलेलं आहे, भिंत नाही ती. पक्षी डोंगराकडे बघतोय ना? मग फिरवा त्याला. तोंड समुद्राकडे होईल."

"पण मग पाठ लोकांकडे होईल," मातिअस म्हणाला. "पाठीला रंग नाही."

"मग लाव. हात मोडलेत का तुझे? पक्ष्याला पाठ आणि पोट कधीपासून आलं? आकाशात उडतो तेव्हा तुम्ही त्याला विचारता का, बाबा रे, तुझी रंगाची बाजू कुठली?"

लोक हसले, पण बेनेडिक अडून बसला. "आणि हक्काचं काय? त्याच्या डोक्यात नव्हतं."

"नव्हतंच," मामी म्हणाली. "सोक्मालला त्या दिवशीच कळलं होतं. घरी येऊन मला म्हणाला, मी पोराला पक्षी दाखवला आणि पोरगा ओंडका बघत होता. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाला द्या. तर म्हणाला, नको, दिलाय तो दिलाय. बघेल कधीतरी." तिनं माझ्याकडे पाहिलं. "देणाऱ्यानं माहीत असून दिलाय, बेनेडिक. मग तू कोण काढून घेणारा?"

मामाला माहीत होतं. तरी मरेपर्यंत तो मला एका शब्दानं बोलला नव्हता. उलट होल्गरनं काय दिलं ते विचारून हसायचा. मला इतकी लाज वाटली की मी जमिनीकडे बघत राहिलो.

बेनेडिकनं सुपारी थुंकली. शेवटी म्हणाला, "फिरवा. पण जेवढा वेळ तो डोंगराकडे बघत होता तेवढा आमचा होता. त्याचं एक डुक्कर."

"लहान," मी सवयीनं म्हणालो.

"मोठं," मामी दारातून म्हणाली.

मालागान फिरवलं. मातिअसनं चुना, कोळसा आणि लाल माती कालवली, आणि सगळा गाव गवतावर बसून पाठ रंगताना बघत राहिला. असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. रंग लोकांसमोर लावतच नाहीत. मलाही दुसरं काम नव्हतं. मी बघितलं. साप शेपटीशी धरलाय, पण मागे वळून तो पक्ष्याच्याच पंखाला चावतोय. पायाखालचा मासा चिरडलेला नाही, पक्ष्याला वर उचलून धरतोय. समुद्राकडची चोच जराशी उघडी आहे. रंग पूर्ण झाला तेव्हा बायकांनी हुंदका दिला आणि या वेळी मीही दिला. कुणीही हरकत घेतली नाही.

मामी खोपटातून निघाली आणि कुणाचा हात न धरता सरळ पाण्यात गेली. गुडघे, कंबर, खांदे. मग बुडी मारली, आणि इतकी दूर जाऊन वर आली की बेनेडिक शिव्या देत किनाऱ्यापर्यंत धावला.

परत आली ती निथळत. भट्टीतलं डुक्कर पानावर घेऊन माझ्या शेजारी बसली.

"डोळे मीट," म्हणाली. "सांग."

मी मिटले आणि सांगितलं. साप, पंख, मासा, उघडी चोच, समुद्र. ती चघळत ऐकत होती.

"बरं," ती म्हणाली. "आता वीक हवं तर. काम झालंय त्याचं. माझ्या घराला पत्रे हवेत."

मी होल्गरला कळवलं. उत्तर लगेच आलं: उंची किती?

मी मालागानाकडे पाहिलं. दिवसभर त्याच्यासमोर बसलो होतो आणि उंची माझ्या लक्षातच आली नव्हती. टेपपट्टी खिशात होती. मी फोन ठेवून दिला आणि मामीच्या पानातला एक तुकडा उचलला.