एकनाथरावांचा हात

सोलापुरात विजापूर रोडला श्रीशैल बिराजदारचं गॅरेज आहे. जुन्या गाड्या, त्यातही स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची कामं, यात त्याचं नाव आहे. दुसऱ्या मिस्त्रींना आवाज कुठून येतो ते सापडलं नाही की ते गिऱ्हाइकाला त्याच्याकडे धाडतात. बावीस वर्षं असं चाललेलं. त्यामुळे आपल्याला सापडलं नाही म्हणजे गाडीत काही नाहीच, असं त्याला केव्हापासून वाटायला लागलं, ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

एकनाथराव मोहोळकर त्याचं जुनं गिऱ्हाईक. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर जुळे सोलापूर भागात मुलाजवळ राहायला आले. वय बहात्तर. त्यांची पांढरी छोटी गाडी अठरा वर्षांची. दर पंधरा दिवसांनी ते बायकोला, प्रेमलाबाईंना, शेजारी बसवून कुर्डुवाडीला जायचे. तिथं त्यांचे वर्कशॉपातले सोबती होते आणि प्रेमलाबाईंची बहीण होती.

मागच्या श्रावणात ते गाडी घेऊन आले. वेगात असताना ब्रेक लावला की गाडी डावीकडं ओढते, साठच्या पुढं स्टिअरिंग थरथरतं आणि हळू चालवली की काहीच होत नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. डाव्या पुढच्या चाकाच्या मागं काहीतरी सैल असावं, असंही ते म्हणाले.

त्या दिवशी श्रीशैलच्या दारात पाच गाड्या उभ्या होत्या. त्यानं जॅक लावून पुढची चाकं उचलली, दोन्ही हातांनी वर-खाली आणि आडवी हलवून पाहिली. खेळ, म्हणजे सैलपणा, कुठंच नव्हता. डाव्या टायरची आतली कड खाल्लेली दिसली. त्यानं ते टायर मागं टाकलं, मागचं पुढं घेतलं, अलाइनमेंट केली आणि सात रस्ता चौकापर्यंत एक चक्कर मारून आला. त्या गर्दीत गाडी तिसऱ्या गिअरवर गेलीच नाही. ठीक आहे, म्हणून त्यानं चावी दिली.

आठ दिवसांनी एकनाथराव परत आले, पुन्हा पंधरा दिवसांनी आले. तक्रार तीच, शब्दही तेच. हायवेला घेऊन चल, मी दाखवतो, असं त्यांनी दोनदा म्हटलं. श्रीशैलला वेळ नव्हता. तिसऱ्या वेळी त्यानं गाडी जॅकवरसुद्धा घेतली नाही. दिवसभर तशीच उभी ठेवली.

संध्याकाळी गाडी न्यायला मुलगा आला. हृषीकेश बँकेत होता, सभ्य माणूस. त्यानं विचारलं, नक्की काय आहे, बाबा रोज घरी हेच बोलतात. श्रीशैल हात पुसत होता. त्याला हा विषय संपवायचा होता.

"गाडीत काही नाही, साहेब," तो म्हणाला. "काकांचा हात थरथरतोय. परवा हितं चहा घेताना कप धरता येईना. मी बघितलं की. वय झालं. आता चावी काढून घ्या, कुणाच्या तरी अंगावर घालतील एक दिवस."

चहाचं खोटं होतं. एकनाथरावांनी त्याच्याकडं चहा घेतला होता, पण कपाकडं श्रीशैलनं पाहिलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि हृषीकेशचा चेहरा असा उतरला की मग परत घेणं जमलं नाही.

दिवाळीत गाडी विकली गेल्याचं त्याच्या कानावर आलं. बरं झालं, असं त्याला वाटलं.

मार्चमध्ये जेऊरकडचा एक शेतकरी, जोतीराम, गाडी घेऊन आला. सोलापुरात त्याची बहीण राहते, तिच्याकडं आला होता. नंबर पाहताच श्रीशैलनं मोहोळकरांची गाडी ओळखली.

"मिस्त्री, ब्रेक मारला की डावीकडं वडतीया," जोतीराम म्हणाला. "आन साठच्या फुडं स्टेरिंग लई थरथरतंय. हळू चालवली तर काय बी न्हाय."

श्रीशैलनं त्याच्या हातांकडं पाहिलं. जोतीराम पस्तिशीचा गडी, मनगटं पहारीसारखी. त्याचा हात थरथरतो, असं कुणालाही म्हणता आलं नसतं.

या वेळी त्यानं दारातली कामं बाजूला ठेवली आणि गाडी स्वतः चालवत शहराबाहेर काढली. रस्ता मोकळा लागल्यावर सत्तरला नेली. स्टिअरिंग त्याच्या तळहातांत बडबडायला लागलं. ब्रेक दाबला तसं ते आपोआप डावीकडं फिरलं. त्यानं घट्ट धरून गाडी सरळ ठेवली, पण हात कोपरापर्यंत थरथरत होते. त्याचे स्वतःचे हात. शेजारी बसलेला जोतीराम समाधानानं म्हणाला, "बगा, म्हटलं न्हवतं का."

परत आल्यावर श्रीशैलनं गाडी गॅरेजातल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर घेतली. चाकं जमिनीवरच ठेवली, गाडीचं वजन त्यांच्यावर राहू दिलं, आणि खाली उतरला. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी आर्म असतो, त्याच्या मागच्या टोकाला रबरी बुश असतो. डावीकडच्या बुशवर चिखल वाळून बसला होता. तो खरवडून त्यानं पहार लावली आणि जोर दिला. आर्म बोटभर मागं सरकला. रबर आतल्या नळीपासून पार सुटलेलं होतं. जॅकवर चाक लोंबकळत असलं की हे दिसत नाही. वजन आणि ब्रेक एकत्र आले की आर्म मागं जातो, चाक तिरकं होतं आणि गाडी ओढते. हे श्रीशैल दुसऱ्या मिस्त्रींना शिकवत असे.

बुश नंतर फाटला असेल, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण फाटलेल्या कडा घासून गुळगुळीत झाल्या होत्या, त्यांत जुनी धूळ जिरलेली होती. आणि मागच्या डाव्या चाकाला तेच टायर होतं, आतली कड खाल्लेलं. ते त्यानंच श्रावणात मागं टाकलं होतं. खूण त्याच्या हातात आली होती आणि त्यानं ती नजरेआड केली होती.

नवा बुश बसवून त्यानं जोतीरामला वाटेला लावलं. जोतीरामनं तोंडभरून कौतुक केलं. श्रीशैलला ते ऐकवेना.

पुढचे आठ-दहा दिवस तो कुणाला काही बोलला नाही. दोनदा जुळे सोलापुरात जाऊन मोहोळकरांच्या घरावरून तसाच पुढं गेला. घरी बायकोनं विचारलं तर कामाचा ताण आहे म्हणाला. शेवटी एका रविवारी सकाळी त्यानं बेल वाजवली.

प्रेमलाबाईंनी दार उघडलं. अरे श्रीशैल, ये ये, म्हणून त्यांनी आनंदानं बसवलं. हृषीकेश पेपर वाचत होता. एकनाथराव आतून आले. त्यांची दाढी वाढली होती. हात हलून ब्लेड लागू नये म्हणून घरच्यांनी घरी दाढी करणं बंद केलंय, महिन्यातून एकदा न्हाव्याकडं जातात, असं प्रेमलाबाईंनीच सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, पण लक्ष ठेवा म्हणाले आणि एक गोळी दिली. कुर्डुवाडीला जाणं बंदच झालं होतं.

चहा आला. एकनाथरावांचा कप अर्धाच भरलेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पिताना कुणाकडं पाहिलं नाही.

श्रीशैलनं आपला कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. जोतीराम, हायवे, खड्डा, बुश. सांगताना तो फरशीकडं पाहत होता. मध्येच हृषीकेशनं पेपरची घडी घातल्याचा आवाज झाला.

एकनाथरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा कसं बघितलं होतंस? जॅकवर?"

"व्हय, काका."

"मग कसं दिसणार?" ते शांतपणे म्हणाले. "वजन पाहिजे ना चाकावर."

"चूक झाली माझी."

"ती होते. मीही केल्यात." त्यांनी कप बाजूला ठेवला. "पण माझा हात थरथरताना तू कधी बघितलास?"

खोलीत तिघंही त्याच्याकडं पाहत होते. बुशचं सांगितलं की सगळं सांगून झालं, असं तो इथवर येईपर्यंत धरून चालला होता. निसटायला अजूनही वाट होती. तसं वाटलं होतं म्हणता आलं असतं.

"न्हाय बघितला," तो म्हणाला. "कधीच न्हाय. साहेबांना खोटं सांगितलं मी. तेवढ्यावर मिटावं म्हणून."

हृषीकेश उठून खिडकीपाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. प्रेमलाबाईंनी पदर तोंडाला लावला. एकनाथरावांनी दोन्ही हात पुढं करून उलटेपालटे केले, जणू दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाहिले. त्यांची बोटं किंचित हलत होती. ते गोळीमुळं होतं, की वयामुळं, की इतके महिने सगळे त्यांच्याकडं बघत होते म्हणून, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले. "माझ्या मुलाला सांगितलंस, मला नाही. आणि त्यानंही मला विचारलं नाही." मग उठता उठता म्हणाले, "आलास, सांगितलंस. आता जा."

श्रीशैल पाया पडायला वाकला, पण ते आत निघून गेले होते. हृषीकेश त्याला फाटकापर्यंत सोडायला आला. दोघांनाही एकमेकांकडं पाहता आलं नाही. चावी मी काढून घेतली, एवढंच हृषीकेश म्हणाला.

पुढं डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली. बोटांचं हलणं थोडं कमी झालं, पुरतं गेलं नाही. हृषीकेशनं वडिलांसाठी दुसरी जुनी गाडी घेतली. पहिले दोन महिने एकनाथरावांनी ती फाटकाबाहेर काढली नाही. मग एका सकाळी प्रेमलाबाईंना घेऊन ते भाजी आणायला गेले आणि परत आले. आता तेवढंच चालवतात. कुर्डुवाडीला दोघं रेल्वेनं जातात.

श्रीशैलकडं स्टिअरिंगची तक्रार घेऊन कुणी आलं की तो आधी त्या माणसाला शेजारी बसवून हायवेला जातो. त्यात अर्धा दिवस मोडतो. एखाद्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी बोलताना त्याची नजर आपसूक समोरच्याच्या हातांवर जाते, आणि लक्षात आलं की तो खाली बघतो.

मोहोळकरांची ही दुसरी गाडी आठवड्यातून एकदा तरी त्याच्या दारावरून जाते. ती दुरुस्तीला पुढच्या चौकातल्या दुसऱ्या गॅरेजला जाते. श्रीशैल बाहेर उभा असला तर एकनाथराव मान हलवतात. थांबत नाहीत.