पडून राहायचं नाही

आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात लांब चेंडू फेकणारा एकही धड गडी नव्हता. मुख्य कोच हेवरकँपने त्या उणिवेलाच धोरण करून टाकलं. फेकायचंच नाही, चेंडू छातीशी कवटाळून घुसायचं आणि समोरच्याला दम खाऊ द्यायचा नाही. चेंडूवाल्याला आडवा पाडला की एक डाव संपतो, आणि पुढचा सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. आम्ही बारा-तेरा सेकंदांत सुरू करायचो. सामना अर्ध्यावर येईतो समोरचे धिप्पाड गडी कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागत. मग त्यांच्यातला एखादा पायात गोळा आल्याचं सोंग करून आडवा व्हायचा, कारण गडी पडला की पंच घड्याळ थांबवतात आणि बाकीच्यांना श्वास घेता येतो. आमचे प्रेक्षक उभे राहून त्याची हुर्यो उडवायचे.

आपल्या गड्याने मात्र पडून राहायचं नाही, हा हेवरकँपचा नियम. सरावात कुणी जरा जास्त लोळला की अख्ख्या संघाला स्टेडियमच्या पायऱ्या चढायला लागत. हे पोरांच्या अंगात भिनवायचं काम माझं, कारण धावणाऱ्यांचा कोच मी. आणि मला ते काम आवडायचं, हेही सांगून टाकतो.

लॅव्हेल बॉयकिन हा आमचा हुकमी धावणारा. तीन वर्षं तो माझ्या हाताखाली होता.

"कोच, तुमचं पोट बघून वाटत नाही तुम्ही कधी धावला असाल," असं तोंडावर म्हणायचा.

"तू धाव, मी ओरडतो. या पोटाला तेवढं पुरतं," मी म्हणायचो.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार, दुपारचा सामना, परक्या गावात. आम्ही चार गुणांनी मागे होतो. लॅव्हेल एकतिसाव्यांदा चेंडू घेऊन घुसला आणि कुणाचा तरी गुडघा त्याच्या हेल्मेटवर बसला. तो लगेच उठला. पण उठून समोरच्या संघाकडेच चालायला लागला. आमच्या एकाने दंड धरून त्याला परत वळवलं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या डावाची खूण दाखवायचा फलक हातात धरून मी मैदानाच्या कडेला उभा होतो. त्याने मला ओळखलं नाही.

"बघत काय बसलास?" हेवरकँप माझ्या कानाशी ओरडला. "मेलेत ते तिकडे! फलक दाखव!"

खरंच त्यांचा जीव गेला होता. दोघे तर गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. लॅव्हेलला बाहेर काढून दुसरा पाठवला असता, तर नियमाप्रमाणे त्यांनाही ताजे गडी आत आणायला वेळ द्यावा लागला असता. मी फलक वर केला.

बत्तिसाव्या वेळी त्याला कुणी फार जोरात आदळलंही नाही. दोघांनी धरून आडवा केला, नेहमीसारखा. तो उठला नाही. तिथले प्रेक्षक "नाटक! नाटक!" म्हणून ओरडायला लागले. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो त्यांच्याइतक्याच जोरात, "ऊठ!" देवाशपथ सांगतो, मला त्याचा राग आला होता.

डोक्यात रक्त साकळलं होतं. सोमवारी सकाळी डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं की आता फक्त यंत्रं चालू आहेत. मिसेस बॉयकिन शनिवारी रात्रीच चारशे मैल गाडी हाकत आल्या होत्या, घरच्या स्वयंपाकघरातला एप्रन अजून तसाच कोटाच्या आत होता. हॉस्पिटलच्या बाकावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"पोरं सांगत होती, आधी एकदा लागलं आणि तो उठला. मग परत पडला. मधे किती वेळ गेला, कोच?"

"नऊ सेकंद." आमचा या मोसमातला सगळ्यात वेगवान डाव तोच होता.

"नऊच?" त्यांनी माझा हात हातात घेतला. "मग तुम्ही तरी काय करणार होतात? एवढ्यात कुणाला काय कळतंय! जिवाला लावून घेऊ नका."

मला सगळं कळलं होतं. त्या माझा हात थोपटत राहिल्या, आणि मी तो काढून घेतला नाही.